टोळधाड कुणी पाठवली होती?



परवा आमच्या आर्वीला मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला. जेवणं दिवसाउजेडीच आटोपली होती, पण भांडी राहिली होती म्हणून मागच्या मोरीतला दिवा लावला. पाच मिनिटांत दिव्याभोवती पंखांच्या किड्यांचा नुसता भोवरा. ओट्यावर, हंड्यावर, भिंतीवर, जिकडेतिकडे पंख. सुट्टीत आलेली आमची भाची ओरडली, "मामी, टोळधाड आली!"

सासूबाई हसल्या. त्यांनी मोरीतला दिवा बंद केला, पाण्याची भांडी झाकली आणि अंगणाच्या टोकाचा दिवा लावायला सांगितला. थोड्या वेळात घर मोकळं झालं. झाडू न मारता, फवारा न मारता.

भाचीला मी सांगितलं, बाळा, ही टोळधाड नाही, ही वाळवी. वारुळात पंखवाल्या वाळव्या आधीच तयार होऊन बसलेल्या असतात. पहिल्या पावसानं माती ओली झाली की त्या सगळ्या एकदम बाहेर पडतात, जोडीदार शोधतात, पंख टाकतात आणि नवं वारूळ करायला जमिनीत शिरतात. आम्ही लहानपणी समजायचो की हे किडे पावसाबरोबर आभाळातून पडतात. आमची आजी तर म्हणायची, दिव्याच्या उष्णतेनंच ते जन्मतात.

"मग खरी टोळधाड कुठून येते?" भाचीनं विचारलं. आणि मी काही बोलायच्या आत तिनंच उत्तर दिलं, "ती पाकिस्ताननं पाठवली होती ना, कोरोनाच्या वेळी? मी फोनवर वाचलंय."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. कारण तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत मी पण होते. ही गोष्ट आजवर मी इथे लिहिली नव्हती. आज लिहिते.

ते दोन दिवस

साल २०२०, मेचा शेवटचा आठवडा. नवतपा सुरू होता. टाळेबंदीमुळे मंदिर बंद होतं. घरीच अभिषेकाचं स्मरण करायचं, घरीच जाप करायचा. आमची संत्र्याची थोडी बाग आष्टी तालुक्यात आहे. त्या वर्षी आंबिया बहाराची फळं बोराएवढी झाली होती. बाजार बंद, वाहनं बंद, फळ विकलं जाईल की नाही याचीच चिंता. त्यात बातमी आली की मध्य प्रदेशातून टोळ उतरले आहेत आणि अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरुडकडे आहेत. मोर्शी आणि आमची बाग यांच्यामध्ये आहे ती फक्त वर्धा नदी. उडणाऱ्याला नदी कसली अडवते?

पाहिलं नाही तिला सांगून कळणार नाही. आधी वाटलं दुरून धूळ उठली आहे. मग ती धूळ चमकायला लागली. मग आवाज आला, कोरड्या पानांवरून कुणी सतत चालत राहावं तसा. बोटाएवढे लांब, गुलाबी-तपकिरी टोळ. झाडावर बसले की हिरवं झाड तपकिरी दिसायचं. फांद्या वाकायच्या.

गावात सगळ्यांनी जे हाती लागलं ते वाजवायला घेतलं. डबे, पत्रे, ताटं. दोनच महिन्यांपूर्वी २२ मार्चला आपण सगळ्यांनी दारात उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या. त्याच थाळ्या बागेत वाजत होत्या. बांधावर कडुनिंबाचा ओला पाला पेटवून धूर केला. थवा उठायचा आणि शेजारच्या बागेत बसायचा. म्हणजे आपण वाचायचं तर शेजाऱ्याच्या अंगावर ढकलायचं, असा तो सगळा प्रकार.

टोळ दिवसा उडतात आणि सांजेला झाडांवर मुक्काम करतात. त्यामुळे फवारणी रात्री ते पहाटेच्या वेळात होते, तेव्हा ते सुस्त असतात. कृषी विभागाची माणसं, अग्निशमनाचे बंब, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर, सगळे मिळून क्लोरपायरीफॉस फवारत होते. आमचा ट्रॅक्टरही गेला. आमच्या यांनी तो स्वतः चालवला. सकाळी झाडांखाली मेलेल्या टोळांचा थर होता. काही अजून पाय हलवत होते. सासूबाई बांधावरच थांबल्या, पुढे आल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी उपवास केला. कुणाला काही बोलल्या नाहीत.

आणि मी काय केलं? दुपारी फोन उघडला. एक लांबलचक मेसेज आला होता. शेजारच्या देशानं मुद्दाम टोळ पाळून आपल्यावर सोडले, आधी आजार आला, आता हे आलं, आपल्यात राहून त्यांना साथ देणाऱ्यांना ओळखा, असं काहीबाही. मी संतापलेली होते, थकलेली होते. महिला मंडळाच्या ग्रुपवर पाठवला. शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही पाठवला. एक बोट लावलं, झालं.

आता त्या मेसेजातल्या एकेका गोष्टीकडे वळते. नंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. ते तुमच्यापुढे ठेवते.

"शत्रूनं पाठवली"

टोळांचा हा प्रकार वाळवंटी टोळ म्हणून ओळखला जातो. आफ्रिकेच्या पश्चिम टोकापासून राजस्थानपर्यंतचा कोरडा पट्टा हे त्यांचं घर. २०२० ची गोष्ट खरं तर दोन वर्षं आधी सुरू झाली. मे २०१८ मध्ये 'मेकुनू' नावाचं चक्रीवादळ अरबस्तानच्या वाळवंटात शिरलं. तिथे वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही, तिथे वाळूच्या टेकड्यांमध्ये तळी साचली. ऑक्टोबरमध्ये 'लुबान' हे दुसरं वादळ आलं. वाळू ओली झाली, हिरवं उगवलं, आणि टोळांना अंडी घालायला याहून चांगली जागा नाही. त्या ओसाड भागात पाहणारं कुणी नव्हतं. शेजारच्या येमेनमध्ये युद्ध चालू होतं, तिथे फवारणी कोण करणार?

हिशेब पाहा. परिस्थिती अनुकूल असेल तर तीन महिन्यांत एका पिढीगणिक टोळ वीसपट होतात. सहा महिन्यांत चारशेपट. नऊ महिन्यांत आठ हजारपट. विरजणाच्या एका चमच्यानं पातेलंभर दही होतं, तसंच हे.

मग ते पसरले. एक फांदी येमेनमधून सोमालिया, इथिओपिया, केनियाकडे गेली. केनियात सत्तर वर्षांत असे थवे आले नव्हते. दुसरी फांदी इराण, पाकिस्तानमार्गे आपल्याकडे आली. २०१९ च्या पावसाळ्यात राजस्थान-गुजरात आणि सिंध, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांची वीण झाली. थंडीच्या तोंडाला असे थवे पुन्हा पश्चिमेकडे, बलुचिस्तान आणि दक्षिण इराणकडे वळतात. वसंतात तिकडे पैदास, पावसाळ्यात इकडे. म्हणजे टोळ तिकडून इकडे येतात तसेच इकडून तिकडेही जातात. त्यांना कुठलं कुंपण कळतं?

ज्यांनी "पाठवली" असं आपण म्हणत होतो, त्या पाकिस्ताननं २०२० च्या सुरुवातीलाच टोळांमुळे राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली होती. त्यांचा गहू, त्यांचा कापूस आपल्याआधी खाल्ला गेला. सोमालियानंही त्याच सुमारास आणीबाणी पुकारली. आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मला नवल वाटलं. टोळांच्या बाबतीत भारत आणि पाकिस्तानचे अधिकारी पूर्वापार एकमेकांना भेटत आले आहेत. राजस्थानच्या बाजूला मुनाबाव आणि त्या बाजूला खोकरापार, या सीमेवरच्या ठिकाणी बैठका होतात आणि कुणाकडे किती टोळ दिसले ते एकमेकांना सांगतात. आपल्याकडे टोळांवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा १९३९ पासून आहे, जोधपूरला तिचं मोठं केंद्र आहे. तेव्हा तर देश एकच होता.

चीनचं नावही तेव्हा खूप फिरलं. चीन पाकिस्तानात टोळ खायला एक लाख बदकं पाठवणार, ही बातमी तर तुम्हीही वाचली असेल. तिथल्याच एका तज्ज्ञानं सांगून टाकलं की बदकाला पाणी लागतं, वाळवंटात ती टिकणार नाहीत. बदकं कधी गेली नाहीत. पण बातमी मात्र घराघरांत पोचली.

मग ते आपल्या वर्ध्यापर्यंत का आले? नेहमीचे थवे पावसाबरोबर, जून-जुलैत राजस्थानात येतात. तिथे ओलावा आणि हिरवळ असते, ते तिथेच थांबतात, अंडी घालतात. २०२० मध्ये ते एप्रिल-मेमध्येच आले. वाळवंट तेव्हा सुकं. ते टोळ अजून पूर्ण वयात आलेले नव्हते, त्यांचा गुलाबी रंग त्याचीच खूण. पूर्ण वयात आलेला टोळ पिवळा असतो. अशा वयात त्यांना भूक प्रचंड आणि थांबायचं कारण काही नाही. वारा जिकडे नेईल तिकडे ते दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटरही जातात. राजस्थान, मध्य प्रदेश, मग आपला विदर्भ. त्यांना हिरवं हवं होतं आणि नवतप्यात आपल्याकडे हिरवं काय असतं? ओलिताच्या संत्र्याच्या बागा.

"ती वेगळीच राक्षसी जात"

हा गैरसमज साध्या माणसांचाच नव्हता, शास्त्रज्ञांचाही होता. शेकडो वर्षं कुणाला कळत नव्हतं की थवे येतात कुठून आणि मधली काही वर्षं जातात कुठे. म्हणून आभाळातून पडली, देवानं पाठवली, वाऱ्यानं जन्मली असं सगळं म्हटलं गेलं.

१९२१ मध्ये बोरिस उवारोव्ह या कीटकशास्त्रज्ञानं कोडं सोडवलं. ज्या दोन टोळांना लोक दोन वेगळ्या जाती समजत होते, ती एकाच जातीची दोन रूपं निघाली. एकटा राहणारा टोळ लाजरा असतो. मातकट रंगाचा, रात्री उडणारा, दुसऱ्या टोळापासून लांब राहणारा, नाकतोड्यासारखा निरुपद्रवी. पाऊस पडून त्यांची संख्या वाढली आणि मग हिरवळ आटत आटत एका तुकड्यापुरती उरली, की सगळे त्या तुकड्यावर गोळा होतात. एकमेकांना धक्के लागतात. मागच्या पायांना सतत स्पर्श झाला की काही तासांत त्याची वागणूक बदलते. तो इतरांपासून पळायचं सोडून त्यांच्याकडे जायला लागतो. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की यामागे सेरोटोनिन नावाचं द्रव्य आहे, आपल्याही मेंदूत असतं ते. पुढे त्यांचा रंग बदलतो, पिल्लं जन्मापासूनच गर्दीची होतात. गर्दी मोडली की पुढच्या पिढ्या पुन्हा एकट्या, शांत होतात.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होते. एकटा असताना कुणाच्या वाटेला न जाणारा जीव धक्काबुक्कीत सापडला की चार तासांत धाडीतला होतो. आणि मी? घरात बसून फोनवर आलेल्या गर्दीचा धक्का लागला आणि मला एका बोटाचाही वेळ लागला नाही.

"आपोआप मातीतून उठले"

सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "सम्मूर्च्छन जीव गं ते, मातीतून उठले, मातीत जातील." तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जन्माचे तीन प्रकार सांगितले आहेत, सम्मूर्च्छन, गर्भ आणि उपपाद. आपल्यातल्या पुष्कळ जणी त्यावरून किडे आपोआपच होतात, असं धरून चालतात.

पण टोळाची मादी अंडी घालताना माणसांनी डोळ्यांनी पाहिली आहे. ती ओलसर वाळूत पोट चांगलं खोल खुपसते आणि फेसाच्या पिशवीत एकेका वेळी पन्नास-साठ, कधी शंभरच्या वर अंडी ठेवते. साधारण दोन आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात. त्यांना पंख नसतात, ती टुणटुण उडत चालतात, पाच वेळा कात टाकतात आणि मग पंख येतात.

मी आमच्या स्वाध्यायात पंडितजींना हे विचारलं. मनात भीती होती की रागावतील. ते म्हणाले, "सूत्र जीव शरीर कसं धारण करतो त्याचा विचार सांगतं. शेतात टोळ कुठल्या दिशेनं आले याचं उत्तर तिथे शोधू नका. आणि डोळ्यांना दिसतं ते नाकारायला कोणत्याही आचार्यांनी सांगितलेलं नाही." मला ते पटलं. तो चार इंद्रियांचा जीव आहे, त्याला वेदना आहे, ही आपली श्रद्धा. तो अंड्यातून आला हे कळल्यानं त्या श्रद्धेला काही बाधा येत नाही. उलट "आपोआप झाले" म्हटलं की आपण हात झटकून मोकळ्या होतो. अंडी कुठे घातली, केव्हा घातली हे कळलं तर काही करता येतं.

"पापाचं फळ" आणि "रोग आणतात"

हेही तेव्हा फिरत होतं. टोळ माणसाला किंवा जनावराला चावायला येत नाहीत आणि माणसाला होणारा रोग ते आणतात असा काही पुरावा नाही. त्यांची हानी एकच, पण ती भयंकर आहे. एक टोळ रोज आपल्या वजनाएवढं, म्हणजे साधारण दोन ग्रॅम खातो. ऐकायला काहीच नाही. पण एका चौरस किलोमीटरच्या थव्यात चार कोटी टोळ असू शकतात आणि ते दिवसाला सुमारे ३५ हजार माणसांच्या पोटाचं खातात. आपण रोजच्या शांतिपाठात दुर्भिक्ष पडू नये म्हणतो ना, ते कशासाठी, ते केनिया-सोमालियातल्या बायकांना विचारावं.

आता पापाचं. कर्माचा हिशेब ज्याचा त्याचा. पण शेतकऱ्याचं नुकसान पाहून "असेल काही पाप" म्हणणं मला आवडत नाही. त्या वर्षी ज्याच्या बागेत थवा उतरला तो पापी आणि ज्याच्या बागेवरून उडून गेला तो पुण्यवान, असं का? वारा फिरला होता, इतकंच.

माझ्या मेसेजाचं काय झालं

आमच्या बागेचा आंबिया बहार बरीच वर्षं एकच बागवान कुटुंब घेतं. फळ लहान असतानाच सौदा होतो, थोडे पैसे आधी मिळतात, तोडणी त्यांची माणसं करतात. त्या घरची सून माझी शाळेतली मैत्रीण. आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या डब्यातलं मी खात नसे, पण तिची आई माझ्यासाठी वेगळे शेंगदाणे-गूळ देई.

त्या वर्षी ईद २५ मेला होती. नेमकी त्याच दिवसांत टोळ आले आणि त्याच दिवसांत मी तो मेसेज पाठवला. शाळेच्या ग्रुपवर ती होती. तिनं काही लिहिलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर ती ग्रुप सोडून गेली होती. मला तेव्हाही काही कळलं नाही. दोन दिवसांनी यांनी सांगितलं की गावातल्या काही पोरांनी बागवानांच्या माणसांना बागेत यायला मनाई केली. "तुमच्याच लोकांनी पाठवली," असं तोंडावर म्हणाले. ते शब्द कुठून आले ते मला माहीत होतं. ते माझ्या एकटीच्या मेसेजातून आले नसतील. पण माझ्याही होत्या त्यात.

मी मेसेज काढून टाकला. तेवढ्यानं काय होतं? फोन करायचा धीर मात्र झाला नाही. दिवस गेले. दशलक्षण पर्व आलं. उत्तम सत्याच्या दिवशी जाप करताना जीभ अडखळली. क्षमावाणीला दरवर्षी आपण शंभर जणींना एकच छापील क्षमेचा मेसेज पाठवतो. त्या वर्षी मी कुणालाच पाठवला नाही. एकच फोन केला.

ती आधी शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू पाठवलेलं वाचलं ना, तेव्हा मी पण बागेतच होती. थाळी वाजवत होती. तुमच्याच बागेत बाई. आमचे पैसे अडकले होते तिथे."

मी रडले. तिनं रडू दिलं. मग संत्र्याचा भाव विचारला.

आता मैत्री आहे, पण पहिल्यासारखी नाही. ग्रुपवर ती परत आली नाही. मी कधी आग्रह केला नाही.

मग टोळ मारायचे की नाही?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. मंडळातही विचारला होता. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. श्रावकानं संकल्पी हिंसा पूर्ण सोडावी आणि बाकीची जमेल तेवढी कमी करावी. पीक वाचवायला केलेली फवारणी संकल्पी नाही, हे मला पटतं. पण ती हिंसा नाहीच, असं म्हणून मोकळं व्हायलाही मन तयार नाही. सासूबाईंचा त्या दिवशीचा उपवास मला म्हणून योग्य वाटतो. त्यांनी मुलाला अडवलं नाही आणि झालेल्याचं ओझंही झटकलं नाही.

हा वाद आपल्या समाजाला नवा नाही. १९२६ मध्ये अहमदाबादेत पिसाळलेल्या भटक्या कुत्र्यांना मारण्यावरून वादळ उठलं होतं. गांधीजींनी 'यंग इंडिया'त त्या कृतीची बाजू घेतली, तेव्हा संतापून पत्रं लिहिणाऱ्यांत आपले अनेक जैन बांधव होते. दहा वर्षांनी गांधीजी आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला आले, पण तो प्रश्न काही सुटला नाही. आपल्या प्रत्येकीच्या घरात तो आहेच, डासांपासून ते गव्हातल्या किड्यांपर्यंत.

माझं म्हणणं एवढंच आहे. टोळ कुठून येतात हे खरं कळलं तर हिंसा कमी होते. वाळवंटात, पिल्लांना पंख फुटायच्या आत, एका छोट्या तुकड्यावर त्यांना रोखलं तर हजारो मैलांवरच्या बागांवर विष मारावं लागत नाही. आता मेटारायझियम नावाच्या बुरशीपासून केलेलं औषधही आहे. ते टोळ-नाकतोड्यांनाच मारतं, मधमाश्यांना नाही. २०२० मध्ये सोमालियात ते वापरलं गेलं. मारणं ते मारणंच, पण मधमाशी वाचली, विहीर वाचली, फवारणारा माणूस वाचला. शेवटचं विसरू नका. २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. फवारणीचं पाणी भरून देणाऱ्या बायाच असतात.

आणि "शत्रूनं पाठवली" असं मानलं तर? मग वाळवंटावर लक्ष ठेवायची गरज वाटत नाही, सीमेवर बसून माहिती देण्या-घेण्याची गरज वाटत नाही. मग टोळ मारून राग शमत नाही, माणूस शोधावा लागतो. तो जवळच सापडतो. आपल्याच बागेत थाळी वाजवत उभा असतो.

म्हणून मी एक नियम घेतला आहे, तुम्हालाही सुचवते. पाणी गाळल्याशिवाय आपण पीत नाही. डोळ्यांना न दिसणारा जीव दुखावू नये म्हणून आपण कापड दुहेरी करतो. मग फोनवर आलेली गोष्ट न गाळता दुसऱ्याच्या घरात कशी ओतायची? कुणी म्हटलं आहे, कुठे छापलं आहे, कुणाकडे बोट दाखवलं आहे, एवढं तरी पाहायचं. कळत नसेल तर पुढे पाठवायचं नाही. न पाठवल्यानं आजवर कुणाचं बिघडलेलं मी पाहिलं नाही.

भाचीला मी हे सगळं त्या रात्री सांगितलं. ती शाळेच्या ग्रुपचं ऐकून गप्प झाली. मग तिनं विचारलं, "मामी, त्या मावशी आता कुठे असतात?" म्हटलं, गावातच. या वर्षीही आंबिया बहार त्यांनीच घेतलाय. ती म्हणाली, तोडणीच्या वेळी मला बोलवा.

सकाळी मोरीत वाळवीचे पंख पडलेले होते. ते मऊ कुंचल्यानं गोळा करून तिनंच तुळशीपाशी टाकले. तुम्हीही पहिल्या पावसाच्या दिवसांत संध्याकाळी घरातले दिवे जरा उशिरा लावा, पाण्यावर-दुधावर झाकण ठेवा, अंगणातला एक दिवा लावून ठेवा. थोड्या वेळात ते आपापल्या वाटेनं जातात.

जय जिनेन्द्र.